जुडी बांधायला लागतो तेवढा वेळ

डाळिंबी साडी अजून एकदाही पाण्यात गेली नव्हती.

*

विहिरीच्या काठावर बसलेल्या बाईने डोकी मोजायची असतात. हात कामात, नजर पाण्यावर. एखादं डोकं खाली गेलं की कोथिंबिरीची नवी जुडी हातात घ्यायची. जुडी बांधून झाली आणि डोकं वर आलं नाही, तर उडी.

*

तरणतलावाच्या दारावरची पाटी: पोहण्याच्या पोशाखाशिवाय पाण्यात उतरू नये.

*

"जितकी खालून जाशील तितकी पुढे निघशील. वर यायची घाई नाही करायची," पोहण्याच्या शिबिरातल्या मनीषा मॅडम दिशाला सांगायच्या.

*

खण, नारळ, तांदूळ. वर घडी न मोडलेली डाळिंबी साडी. "माझा कुंदन तू परत दिला," असं म्हणून कुसाबाई सगळ्या मळ्यासमोर मालनबाईच्या पाया पडली. कुसाबाई वयाने मोठी होती. मालनबाईला कुठे पाहावं ते कळेना.

*

"सोड ना, आई. आई, सोड."

मालनबाईने सोडलं नाही. बुडणाऱ्याला धरतात तसं तिने दिशाला मागून धरलं होतं, गळ्याखालून हात घालून. लेकीची हनुवटी पाण्यावर ठेवत, मोकळ्या हाताने पाणी मागे सारत ती काठाकडे आली. शिडीचा गार लोखंडी दांडा हाताला लागला तेव्हा तिने पहिल्यांदा दिशाच्या तोंडाकडे पाहिलं. पोरीला धापसुद्धा लागली नव्हती.

शिट्टी वाजत होती. कधीपासून, कोण जाणे. बाकीच्या मुली शर्यत सोडून लेनच्या दोरांना लटकल्या होत्या आणि मागे वळून बघत होत्या.

"अहो बाई, काय करताय हे?" पांढऱ्या टोपीतले पंच वरून म्हणाले. "मुलगी चांगली पोहत होती की."

"ती वर आली नाय."

"लगेच यायचंच नसतं. सूर मारला की खालून जायचं असतं."

"व्हय," मालनबाई म्हणाली.

प्रेक्षकांत कुणीतरी उभं राहिलं. "रक्त आहे का ते?"

मालनबाईने खाली पाहिलं. तिच्याभोवती लाल रंग पसरत चालला होता. निळ्या फरशांवर तो धुरासारखा हलत होता.

"रक्त कुठलं, साडीचा रंग जातोय," दुसरं कुणीतरी म्हणालं. मग बाकांवरून हसू आलं. फार मोठं नाही. मोठं असतं तर बरं झालं असतं.

*

मखमलाबादच्या मळ्यात पोरं चालायला लागली की विहिरीत जातात. दिशाच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला तो मालनबाईनेच. पुढे डबा सुटला, दोर सुटला. नवरा, चंदर, फुलांच्या पाट्या घेऊन बाजाराला गेला की मालनबाई कोथिंबीर, मेथी काठावर आणून बसायची. शेजारपाजारच्या बायासुद्धा आपली पोरं तिच्या भरवशावर सोडायच्या. मालनबाई काठावर आहे ना, मग झालं.

कुंदनचं डोकं खाली गेलं तेव्हा तिने जुडी पुरी केली, गाठ मारली, आणि उडी टाकली. तळाच्या गाळातून त्याला वर आणलं. अख्ख्या आयुष्यात लोकांनी तिचं नाव घेऊन बोलावं अशी ती एकच गोष्ट.

म्हणून दिशाच्या पहिल्या स्पर्धेला नेसायला कपाटातून तीच साडी निघाली.

*

पाण्यात शिरणं सोपं असतं. बाहेर येणं सगळ्यांच्या देखत असतं.

साडी अंगाला चिकटली होती. मालनबाई शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थांबली. एका हाताने पदर ओढावा तर शिडी सुटते. समोरच्या बाकांवरचे लोक सभ्य होते. ते तलावाकडे, आभाळाकडे, हातातल्या कागदाकडे बघू लागले. सगळे एकदमच दुसरीकडे बघू लागले, आणि मालनबाईला वाटलं, त्यापेक्षा बघितलेलं परवडलं असतं.

दिशाच्याच शिबिरातल्या एका मुलीची आई, मोहिनीताई, टॉवेल घेऊन पुढे आली.

"घ्या. गुंडाळून घ्या."

"नको ताई, रंग लागंल."

"लागू दे हो."

टॉवेल पांढरा होता. मालनबाईने तो अंगाला न लावता हातात धरून ठेवला.

मनीषा मॅडम पंचांशी बोलून परत आल्या. त्या रागावल्या नव्हत्या, पण बोलताना त्यांचं लक्ष मालनबाईच्या खांद्यामागे होतं. "बाकीच्या मुलींना अडथळा झाला ना, म्हणून शर्यत परत घेणार आहेत. दिशालाही उतरू देतील. फक्त तुम्ही जरा..."

"मी भाईर थांबते."

"तसं नाही. पण हो."

दिशा बाकावर बसली होती. गुडघ्यांवर कोपरं, मान खाली. शेजारच्या लेनमधली मुलगी तिला विचारत होती, "ती तुझी मम्मी आहे?"

मालनबाई चालता चालता थांबली. पोरीने नाही म्हटलं असतं तर तिला चाललं असतं. खरं तर तिला तेच हवं होतं.

"हो," दिशा म्हणाली. "माझीच आहे." आणि रबरी टोपी ओढून तिने कान झाकले.

*

कुंपणाबाहेर गुलमोहर होता. मालनबाईने जाळीत बोटं अडकवली. साडीचं पाणी पायांवर येत होतं. घोटे लाल झाले होते.

दारावरच्या वॉचमनने खुर्ची पुढे केली. "बसा मावशी."

"वली हाय मी."

"मग काय झालं. प्लास्टिकचीच आहे."

ती बसली नाही. आत मुली पुन्हा ठोकळ्यांवर चढत होत्या. जाळीतून सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मालनबाईने दिशाला पायांवरून ओळखलं.

हात रिकामे होते. ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागली, आणि लक्षात आल्यावर तिने ते सोडून दिलं. मघाशीही असंच झालं होतं. सगळ्या टोप्या वर आल्या, एक आली नाही. पदराला गाठ बसली. पुढचं तिला आठवत नव्हतं.

शिट्टी.

बाकीच्या मुली बाणासारख्या आडव्या झेपावल्या. दिशाने पायांवर उडी मारली. नाक धरून, सरळ, विहिरीत मारतात तशी. पाणी उडालं आणि लगेच तिचं डोकं वर आलं. ते वरच राहिलं. मान उंच करून, दोन्ही हातांनी पाणी बाजूला सारत ती निघाली. डोकं एकदाही खाली गेलं नाही. बाकीच्या मुली टोकाला पोचल्या, तरी ती मधेच होती. मान ताठ, तोंड कुंपणाकडे.

"ही काय पद्धत आहे पोहायची?" वॉचमन म्हणाला.

 मालनबाईने जाळीतली बोटं काढून घेतली. तिला तिथून जावंसं वाटत होतं, पण ती गेली असती तर पोरीला दिसलं असतं.

दिशा सगळ्यांत शेवटी पोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या मुलीसाठी वाजवतात तशा.

"मान का वर ठेवलीस?" मॅडमनी विचारलं.

"गॉगलमध्ये पाणी जात होतं."

गॉगल बाकावर पडला होता. तिने तो लावलाच नव्हता. मॅडमनी तो उचलला, पुसला, आणि तिच्या पिशवीत ठेवला.

*

परतीच्या बसमध्ये जागा रिकाम्या होत्या. मालनबाई दांड्याला धरून उभी होती.

"बस ना, आई."

"नको. शीट वलं व्हईल."

बस रविवार कारंजावर थांबली, निघाली. साडी आता फिकट दिसत होती, काठाजवळ तर गुलाबीच. दिशा खिडकीबाहेर बघत होती.

"मला दिसावं म्हणून मान वर ठिवली व्हय गं?" मालनबाईने हळूच विचारलं.

दिशाने खिडकीकडचं तोंड आईकडे वळवलं.

"तू परत उडी मारशील म्हणून."

मालनबाईने मान हलवली. मग तिने पदर डोक्यावरून घेतला. तो अजून ओलाच होता.

दिशा जागेवरून उठली आणि तिच्याशेजारी, त्याच दांड्याला धरून उभी राहिली. दोघींच्या मागची दोन माणसांची जागा मखमलाबादपर्यंत रिकामी गेली.

*

सकाळी वेणी घालून घेताना दिशाने आईला सांगितलं होतं, की सूर मारल्यावर मी बराच वेळ खालूनच जाणार आहे, घाबरू नको. मालनबाई हो म्हणाली होती.