दुसऱ्या शुक्रवारचा काळा फेड

सतरा वर्षं झाली, गावातली लग्नं, बारशी आणि मयती मीच शूट करते आणि घरी बसून मीच कापते, जोडते. निम्मं गाव इटलीत परक्या म्हाताऱ्यांची सेवा करतंय. त्या बायकांना इकडची खबर माझ्या डीव्हीडीतूनच कळते. म्हणून एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: माणूस जिवंत असेल तर फिल्मच्या शेवटी तो पांढऱ्यात विरतो आणि गेलेला असेल तर काळ्यात. या विरण्याला आम्ही फेड म्हणतो; हा पायंडा मीच पाडला. भोगा आता!

तुदोसियामावशी माझी शेजारीण. घशाच्या दुखण्यानं तिचा आवाज गेला आणि फोनवर बोलणं संपलं. तेव्हापासून तिची मुलगी झम्फिरा, तिकडे इटलीत पादोव्यात असते ती, तिला मी दर शुक्रवारी आईची छोटी फिल्म पाठवायचे. फेब्रुवारीत डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मावशीनं मला बोलावून घेतलं.

"कपाटातून तीन रुमाल काढ," ती कुजबुजली. "वेगवेगळे बांधते डोक्याला. तीन शुक्रवारांचं शूटिंग आजच उरकून टाक."

"काहीतरी अभद्र बोलू नकोस, मावशी."

"गप गं. वीस मार्चला तिला तिकडे राहायचे कागद मिळतायत. त्याआधी ती इकडे आली तर परत आत घेणार नाहीत तिला. सहा वर्षं लोकांचे म्हातारे धुतलेत पोरीनं. ते माझ्या मढ्यापायी पाण्यात जाऊ देऊ? घे शपथ, तोवर तिला कळवायचं नाही."

मी घेतली. आठव्या दिवशी मावशी गेली. कुणी इटलीत फोनवर चकार शब्द काढला तर त्याच्या पोरीच्या लग्नाला कॅमेरा घेऊन येणार नाही, असं मी अख्ख्या गावाला बजावलं.

पहिली फिल्म नीट गेली. सुरुवात पांढऱ्यातून हळूच उघडली, मावशी हसली, हात हलवला, पुन्हा पांढरं. पण त्या आठवड्यात मी मावशीच्या मयतीची फिल्मही जोडत होते, वीस तारखेनंतर पाठवायची म्हणून. डोळे रडून सुजलेले. कॉम्प्युटर आपण होऊन काळाच फेड लावतो, पांढरा आपल्याला निवडावा लागतो. दुसऱ्या शुक्रवारी डीव्हीडी काढली, शेवट न बघताच इटलीला जाणाऱ्या मिनीबसवाल्या पंतेलिमोनच्या हातात दिली.

रविवारी सकाळी तिसरी फिल्म करायला बसले, तर समोर दुसरी उघडली. मावशी हसत होती, हात हलवत होती आणि काळी होत होती.

मी लगेच पंतेलिमोनला फोन लावला.

"झम्फिराची पिशवी देऊ नकोस, ठेव तुझ्याचकडे!"

"दिली की केव्हाच! आईची फिल्म म्हणून छातीशी धरून गेली बिचारी. का गं?"

मी फोन ठेवला. झम्फिरा आता घरी पोचली असेल, आता लावली असेल, आता संपली असेल. आता बॅग भरत असेल. मला एवढी भीती नवरा दारू पिऊन यायचा तेव्हाही वाटली नव्हती. दोन वाजता फोन वाजला. मी उचलला नाही. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा उचलला.

"अंघेलिना, काळं का?"

"काय काळं?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. शेवट काळा का आहे?"

"अगं, हात चुकला. बघू... हो की! मेलं यंत्र आपोआप लावतं."

"माझ्या आईची शपथ घे."

"आईची शपथ," मी म्हणाले.

तिकडे ती रडायला लागली, मग हसायला. "मूर्ख बाई! जीव घेतला असतास माझा. बॅग भरून तयार होते मी. हे बघ, आईला बूट पाठवतेय, सुजल्या पायांना चालतील असे मऊ. घालून दोन पावलं चालायला लाव तिला आणि तेवढं शूट कर. करशील ना?"

"करीन," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

बूट आले. करडे, बिनलेसचे. दोन दिवस मी खोक्याला हात लावला नाही. मग वाटलं, नुसते पाय दाखवले तर? माझं माप तेच. मावशीचे लोकरी मोजे चढवले, स्टुलावर कॅमेरा खाली वाकवून ठेवला, बूट घातले आणि एक पाऊल टाकलं.

पुढचं टाकवेना. दुसऱ्यासाठी आलेले नवे बूट आमच्याकडे कुणी घालत नाही. फक्त माणूस गेल्यावर, त्याच्या नावानं दिलेले घालायचे, म्हणजे परलोकात तो अनवाणी फिरत नाही. मी फसवायला घातले होते ते. नाही जमणार, मेले तरी नाही जमणार. कॅमेरा बंद केला आणि फोन लावला.

"झम्फिरा, बूट मिळाले. मी घातलेत."

"तू? आईचे बूट तू कशाला..." ती तिथेच थांबली.

भिंतीवरच्या कॅलेंडरात वीस तारीख अजून सहा दिवस लांब होती.

"कधी?" तिनं विचारलं.

"सव्वीस फेब्रुवारीला. तिनंच शपथ घातली होती गं. मला काय बोलायचं ते बोल, तोंडात मार, पण आत्ता येऊ नकोस. पाया पडते तुझ्या."

तिच्या मागून कुणीतरी म्हातारा तिला हाक मारत होता. ती त्याला त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाली, शांतपणे, समजूत घातल्यासारखं.

"वीस तारखेला मी कागद घ्यायला ऑफिसात जाईन," ती मला म्हणाली. "तिनं सांगितलंय तसंच. बूट बसतात का तुला?"

"बसतात."

"मग काढू नकोस. आईच्या नावानं चाल. मला ऐकू दे."

मी फोन जमिनीजवळ धरला आणि वाकून चुलीपासून दारापर्यंत चालले, दारापासून चुलीपर्यंत. फळ्या करकरत होत्या. ती थांब म्हणाली नाही, म्हणून मीही थांबले नाही.