दुसरी ‘ब’चे देखणे दशक

कसबा पेठेतल्या त्या शाळेत दुसरी ‘अ’ आणि दुसरी ‘ब’ यांच्यामध्ये नुसतं लाकडी पार्टिशन होतं, आणि त्याच्या वरच्या फटीतून इंदुबाईंच्या ‘ब’ वर्गात शेजारचं हसू येत असे. तेही गणिताच्या तासाला. इंदुबाईंच्या उभ्या नोकरीत गणिताच्या तासाला कुणी हसलं नव्हतं.

हसवणारी होती धायरीहून स्कूटरवर येणारी तनुजा, वयानं इंदुबाईंच्या मुलीएवढी. ती पोरांना आइस्क्रीमच्या काड्या वाटायची. दहा सुट्या काड्या जमल्या की रबर लावून गठ्ठा बांधायचा, तो दशक. “बाई, माझा दशक झाला!” असं पोरं ओरडत, जणू घरी पेढे वाटायचेत.

“गणित शिकवते की मोळ्या विकते?” इंदुबाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं.

कुणी हसलं नाही. उलट मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांनी जाहीर केलं, की यंदा शिक्षण परिषदेला आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतील तेव्हा नमुना पाठ तनुजा घेईल.

इंदुबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. नमुना पाठ म्हणजे इंदुबाई, हे आसपासच्या शाळांच्या केंद्रात शाळेच्या पत्त्याइतकं ठरलेलं होतं.

“अहो सर, काड्या माझ्याकडेही आहेत,” त्या म्हणाल्या. नव्हत्या.

“मग बेरीज आपण घ्या, वजाबाकी त्या घेतील.” सरांना निवृत्तीपर्यंत कुणाशीच वाकडं घ्यायचं नव्हतं.

तनुजाचे गठ्ठे म्हणजे एक काडी वर, एक खाली आणि भाजीच्या पिशवीचं रबर. इंदुबाईंनी काड्या रंगवल्या, कडा जुळवल्या, वर सोनेरी रिबीन बांधली. आणि पोरांच्या हातात गेल्यावर शोभा जाऊ नये म्हणून आतून डिंकानं पक्क्या चिकटवल्या. पोरं बांधत बसली की विस्कटतात, म्हणून बांधायचं काम मुलांकडे ठेवलंच नाही.

“रुखवतात मांडायचेत का?” त्यांचे यजमान नागोराव यांनी विचारलं.

“तुम्ही पेपर वाचा.”

परिषदेच्या दिवशी बेरीज झकास झाली. हातचा येणार नाही अशीच इंदुबाईंनी निवडली होती. एकवीस आणि अकरा, बत्तीस. तीन देखणे दशक, दोन सुट्या काड्या. टाळ्या पडल्या. इथे त्या खाली बसल्या असत्या तर ही गोष्टच झाली नसती. पण तेवढ्यात तनुजा आपली कळकट पिशवी घेऊन उठली, आणि केंद्रप्रमुख खुर्चीत पुढे सरकून बसले. इंदुबाईंच्या बेरजेला ते मागे टेकून बसले होते.

“थांबा, वजाबाकीही मीच दाखवते. त्यात काय एवढं!” इंदुबाई म्हणाल्या. “सृष्टी, ये गं. या बत्तीसातल्या सात काड्या मला दे.”

‘ब’ वर्गातल्या सृष्टीनं दोन सुट्या दिल्या. मग गठ्ठा उचलला, रिबीन सोडली. गठ्ठा तसाच. तिनं नखं लावली, मग दात लावले.

“बाई, हा सुटत नाहीये.”

“असं कसं? दशकाच्या घरून एक उसना घे.”

“घेतलाय ना! हा काय. पण सुटतच नाही.”

“करवत मागवा,” मागच्या रांगेतून एक सदाशिवपेठी आवाज आला.

इंदुबाईंनी गठ्ठा घेतला आणि गुडघ्यावर आपटला. कडाड्‌ आवाज होऊन त्याचे मधोमध दोन तुकडे झाले.

सृष्टीनं ते निरखून पाहिले. “बाई, आता दोन दशक झाले का?”

सगळी परिषद हसली. गणिताच्या तासाला.

तनुजा पुढे आली आणि आपला एक रबरवाला गठ्ठा तिनं सृष्टीच्या हातात ठेवला. “हा घे. अगं, बाईंनी तो मुद्दाम चिकटवला होता. दशक सुटलाच नाही तर वजाबाकी कशी अडते, ते कळायला नको? हो ना, बाई?”

इंदुबाईंपुढे दोनच वाटा होत्या. खरं बोलायचं, नाहीतर हिचे उपकार घ्यायचे.

“हो,” त्या म्हणाल्या.

सृष्टीनं रबर काढलं, काड्या सांडल्या, पाच मोजून बाईंना दिल्या. “पंचवीस उरल्या!” आणि ती हसली. असं हसू इंदुबाईंनी आजवर फक्त फटीतून ऐकलं होतं.

केंद्रप्रमुख तर उभेच राहिले. “वा! अडवून शिकवणं! पुढच्या महिन्यात लोणी काळभोरला हाच पाठ दोघींनी मिळून घ्यायचा. आणि इंदुबाई, गठ्ठा असाच पक्का चिकटवून आणा हं.”

म्हणजे गावोगाव जाऊन फजिती करून घ्यायची. इंदुबाई नाही म्हणणारच होत्या. पण त्या नाही म्हणाल्या तर तनुजा एकटी गेली असती, आणि मग तिथलं सगळं हसू तिचं एकटीचं.

“येते,” त्या तनुजाला म्हणाल्या. “पण पत्रिकेत नाव आधी माझं.”

“अहो, ते काय सांगायला हवं? आपण ज्येष्ठ.”

इंदुबाई तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधू लागल्या. सापडला असता तर तिथल्या तिथे परतवता आला असता. त्यांनी बराच वेळ शोधला.