पहिला घोट केरबाचा

मी एक जुना पितळी पेला आहे. माझी सारी उमर कोल्हापुरात, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेली. मित्रांनो, तुमच्याकडे दूध पिशवीतून येत असेल. आमच्याकडे संध्याकाळी म्हैसच चौकात येते. गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ, कोमट दूध लोक तिथंच उभ्या उभ्या पितात.

माझा मालक केरबा, तिथलाच एक दूधवाला. कट्ट्यावर काचेचे ग्लास पुष्कळ होते, पण मी मात्र हंबीरराव वस्तादांसाठी राखलेला. तालमीत पोरं घडवून म्हातारे झालेले वस्ताद रोज यायचे. पेला भरला की म्हणायचे, "केरबा, आदी तू घे की एक घोट. पाणी घातलं न्हाईस न्हवं?" केरबा हसून एक घोट घ्यायचा, मग वस्ताद मला तोंडाला लावायचे. वीस वर्षं हीच थट्टा चालली. मला त्याचा केवढा तोरा होता.

मग महामारी आली आणि कट्टा बंद झाला. केरबाची म्हैस चांदी हिला गर्दीत, गोंगाटात पान्हा सोडायची सवय. घरच्या गोठ्यात ती नुसती उभी राहायची. गल्लीत रतीब घालायचं दूध रोज कमी होऊ लागलं. केरबाची बायको धोंडुबाई म्हणाली, "ही आटली तर खायाचं काय आपण?" घर त्या एका म्हशीवर चालत होतं.

वस्तादांच्या कानावर हे गेलं. ते तोंडाला रुमाल बांधून बोळाबोळानं आले, पालथ्या घमेल्यावर बसले आणि कट्ट्यावरच्यासारखे मोठ्यानं बोलले, "काय चांदे, रुसलीस व्हय?" तिनं कान वळवले आणि पान्हा सोडला. त्या दिवसापासून ते रोज यायचे. एका माणसाच्या आवाजावर ते घर जगत होतं.

पावसाळ्यात केरबाच्या अंगात कणकण आली. "तपासून या की," धोंडुबाई म्हणाली.

"आन निघालं तर? मला उचलून नेत्यात, गल्लीला पत्रं मारत्यात. वस्तादांना आत कोण सोडंल? भिजलोय, दुसरं काय न्हाय."

त्या संध्याकाळी वस्ताद नेहमीसारखे म्हणाले, "आदी तू घे." केरबा क्षणभर थांबला. नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यानं तोंडावरचा टॉवेल खाली ओढला, घोट घेतला आणि मला पुढं केलं. मी त्या दोघांच्या मधे होतो, मित्रांनो, आणि मला काहीच करता आलं नाही.

आठ दिवसांनी वस्तादांना दवाखान्यात नेलं. केरबा घरातच बरा झाला. वस्ताद परत आले नाहीत. आजार त्यांना कुठून लागला ते कुणीच सांगू शकत नाही. ते औषधाच्या दुकानातही जात होते. पण तो आपल्या घोटातूनच गेला, हे केरबानं मनाशी ठरवलं ते ठरवलं, आणि मलाही दुसरं काही वाटत नाही.

चांदीनं पुन्हा पान्हा चोरला. शेवटी केरबानं तिला विकलं. टेंपो वळेपर्यंत ती मागं बघत होती. केरबा आता एका दुकानात दुधाच्या पिशव्या उतरवतो.

महिन्याभरानं वस्तादांची नात निशिगंधा आली. "काका, आजोबा शेवटी सारखं तुमचा पेला मागत होते. द्याल का? फोटोपुढं ठेवतो आम्ही."

केरबाला तिला सगळं सांगायचं होतं, पण तो मला घेऊन मोरीवर गेला. त्यानं मला चिंच लावून घासलं, राखेनं घासलं, मग उकळत्या पाण्यात टाकलं. हे सगळं तेव्हा करायचं होतं. पुसून त्यानं मला तिच्या हातात दिलं.

कट्टा पुन्हा सुरू झाला म्हणतात. केरबा तिकडं फिरकत नाही.

मित्रांनो, आम्हां भांड्यांना नीट धुवा. अंगात ताप असेल तर सांगा. आणि सांगणाऱ्याची चूल विझणार नाही एवढं तुम्ही बघा, नाहीतर कोण कशाला सांगेल? मी सांगून काही उपयोग होईल असं मला वाटत नाही, तरी सांगतो.

निशिगंधा मला रोज पुसते आणि पिशवीतलं दूध ओतून आजोबांच्या फोटोपुढं ठेवते. त्यांची आवडती वस्तू म्हणून.