नाडी हरवलेला माणूस

"गेले! महाराज गेले!" निवेदक माईकवर ओरडला आणि खचाखच भरलेलं सभागृह एकदम उभं राहिलं.

व्यासपीठावर पायघोळ रेशमी झग्यातला एक गलेलठ्ठ माणूस खुर्चीत डोळे मिटून बसला होता. लोक त्याला प्राणमहाराज म्हणत. तो म्हणे शरीर सोडून वर जायचा आणि परत येताना आजारी माणसांसाठी पसाभर प्राण घेऊन यायचा.

"विज्ञान जिथं थकून खाली बसतं, तिथून आमचे महाराज उठून चालायला लागतात!" निवेदक सांगत होता. खरं म्हणजे महाराजच खाली बसलेले होते, पण त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. "सभेत कोणी डॉक्टर आहे का? या, नाडी बघा!"

डॉक्टर कोणी नव्हते. मी होते.

मी तेव्हा अकरावीत होते. पुढे डॉक्टर व्हायचं पक्कं ठरलं होतं, म्हणून सुट्टीत घराजवळच्या दवाखान्यात मदतीला जायचे. अनुभव मिळावा म्हणून. मिळालेला अनुभव असा : पट्ट्यांच्या गुंडाळ्या करणे, रुग्णांना आत सोडणे आणि डॉक्टरीणबाईंचा चहा थंड होण्याआधी त्यांना आठवण करणे. पण त्याच आठवड्यात त्यांनी मला नाडी बघायला शिकवली होती आणि मी ताळतंत्र सोडलं होतं. घरातल्या सगळ्यांच्या नाड्या बघून झाल्या होत्या. दूधवाला तर मला बघितलं की हात मागे घ्यायचा. शाळेच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट मी बाजारात जातानासुद्धा घालत असे. त्या दिवशीही घातला होता.

"ही आमची भाची! दवाखान्यात असते!" शेजारी बसलेली आत्या ओरडली. तिला साखरेचा जुना आजार. रोज इन्शुलिनची सुई टोचून घ्यावी लागायची आणि त्या सुईला ती कंटाळली होती. म्हणून तर आम्ही तिथं आलो होतो.

मी व्यासपीठावर गेले. महाराजांचं मनगट धरलं. ठोका लागला, मग बारीक झाला, मग गेलाच! दुसरं मनगट धरलं. तिथंही शुकशुकाट. माझ्या अंगावर काटा आला.

"नाडी नाही!" मी माईकवर म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. माईकवर माझा आवाज इतका भारदस्त वाटला, की मी पुन्हा एकदा म्हणाले, "अजिबात नाही!"

थोड्या वेळाने महाराज परत आले. आत्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता सुया कशाला? प्राण भरलाय."

आत्याने इन्शुलिन बंद केलं. आई ओरडली, बाबा रागावले, पण आत्याचं एकच उत्तर, "आपल्या पोरीने स्वतः तपासलंय." आणि पोरगी खुशीत मान डोलवत होती. कौतुक कोणाला नको असतं?

काही दिवसांतच आत्याला उलट्या सुरू झाल्या. धाप लागली, ग्लानी आली. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिची नाडी बघायला गेले, पण रिक्षाच्या हादऱ्यांत काही कळेना.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, इन्शुलिन सुरू केलं. "अजून थोडा उशीर केला असता तर बाई हाताला लागली नसती," त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी आत्या उठून बसली, तेव्हा त्यांनी मला समोर उभं केलं.

"महाराजांची मान बघितलीस?"

"नाही."

"छातीला कान लावलास?"

"नाही. पण श्वास चालू होता. घामही येत होता."

"मग बघितलंस काय?"

"मनगट."

"म्हणजे मनगट मेलं होतं. माणूस खुशाल होता." त्यांनी पट्टीची एक गुंडाळी माझ्या काखेत कोंबली. "दाब. आता बघ स्वतःची नाडी."

मी बघितली. ठोका मंदावला आणि गेला. मी मेले होते आणि लाजेने लालही झाले होते.

"बाई, तुम्ही येता का तिथं?"

"मला रुग्ण आहेत. घोळ तू घातलास, तूच निस्तर."

आत्या घरी आल्यावर पुढच्या सभेला आम्ही दोघी गेलो. आत्या अजून अर्धीमुर्धी महाराजांच्याच बाजूची होती. "मी डोळ्यांनी बघीन, मगच बोलेन," म्हणाली.

निवेदकाने मला आनंदाने वर बोलावलं. "आपली छोटी डॉक्टर!"

महाराज गेले. मी मनगट धरलं. नाडी नव्हती. मग दोन बोटं हळूच त्यांच्या मानेवर ठेवली. तिथं नुसता धडधडाट चालला होता.

"मनगटात नाडी नाही, पण मानेत आहे!" मी माईकवर सांगितलं. "महाराज, दोन्ही हात वर करा!"

सभागृह खो खो हसलं. "अगं, मेलेला माणूस हात वर कसा करेल?" कोणीतरी ओरडलं. मीही गोंधळले. याचा विचारच केला नव्हता! निवेदकाने माईक हिसकावला. "पोर घाबरलीय. टाळ्या!"

तेवढ्यात आत्या धापा टाकत व्यासपीठावर चढली. "मेलाय ना? मग त्याला काय दुखणार?" असं म्हणत तिने महाराजांचा हात धरून ओढला. हात हलेना. मेलेल्या माणसाने काख इतकी गच्च आवळलेली मी प्रथमच पाहत होते. आत्याने दोन्ही हातांनी हिसका दिला आणि झग्याच्या बाहीतून एक रबरी चेंडू टपकन पडला. टप्पे खात तो थेट पहिल्या रांगेत गेला.

"हे काय करता, बाई?" म्हणत महाराज ताडकन उठले. त्या दिवशी ते वरून फारच लवकर परतले.

मी तो चेंडू मागवून घेतला. पहिल्या रांगेतल्या एका शिंप्याच्या काखेत ठेवला आणि त्याच्या बायकोला मनगट धरायला लावलं. "काखेतून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी दाबली, की ठोका मनगटापर्यंत पोचत नाही. नळीवर पाय दिला की पाणी थांबतं ना, तसंच."

"अगं बाई, हे गेले!" शिंपीण म्हणाली. "मी इथंच आहे!" शिंपी घाबरून म्हणाला. सभागृह पुन्हा हसलं, पण या वेळी माझ्यावर नाही. या गडबडीत महाराज आणि निवेदक मागच्या दाराने पसार झाले.

मला वाटलं, जिंकलो. तर एक म्हातारी आपल्या नातवाला घेऊन पुढे आली आणि माझा हात धरून म्हणाली, "पोरी, एवढ्या मोठ्या माणसाला उठवलंस. तुझ्याच हाताला गुण आहे. याला सारखा ताप येतो. डोक्यावर हात ठेव."

तिच्यामागे आणखी चार जण उभे होते. पांढऱ्या कोटात मला घाम फुटला. मी कोट काढून आत्याच्या हातात दिला.

"आजी, माझ्या हातात काही नाही. हा हात आधी खोटं सांगून बसलाय. तापाचं कारण दवाखान्यात शोधतात. उद्या सकाळीच त्याला घेऊन जा, मी सोबत येते. आणि कोणी कोट घालून सांगितलं, झगा घालून सांगितलं, माईकवर सांगितलं, तरी 'कशावरून?' असं विचारल्याशिवाय मानू नका. चालू असलेलं औषध तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच बंद करू नका."

म्हातारीने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग म्हणाली, "बरं. पण त्या दवाखान्यात खरंच गुण येतो, हे तू कशावरून सांगतेस?"

मी आत्याकडे बोट दाखवलं. आत्या म्हणाली, "चला आजी, घरी जाता जाता सगळं सांगते."