हवालदारांची सुट्टी

मध्यभारत राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. उज्जैनच्या माधव नगरातल्या शैला टिल्लूला मास्तरणीची नेमणूक मिळाली, ती थेट नीमखेडी नावाच्या खेड्यात. देवास गेटच्या स्टँडवरून मोटर, पुढे बैलगाडी. शाळा म्हणजे गावच्या पटेलांच्या गोठ्याला लागून असलेली पडवी. पोरं हजेरीपुरती बसत आणि बाईंची पाठ वळली की शेताकडे धूम ठोकत.

शैलाने मग खडूने जमिनीवर घरं आखली आणि कवड्यांचा चंगापो हा खेळ मांडला. दान पडेल त्याची बेरीज तोंडी करायची, चुकली की डाव गेला. पोरं टिकली. भावांच्या मागे मागे मुलीही येऊन बसायला लागल्या.

गावात बोभाटा झाला. "मास्टरनी बई छोरा होण के जुआ सिखावे है," असं कोणीतरी ठाण्यात जाऊन सांगून आलं.

हवालदार यज्ञेश्वर फणसे सायकलवरून चौकशीला आले. खाकी वर्दी, झुपकेदार मिशा, हातात दंडा. दारातूनच गरजले, "कौन खेल रहा है जुआ?"

पोरांनी कुडावरून उड्या टाकल्या. छोटी मीरा तेवढी कोपऱ्यात हुंदके देत राहिली. शैलाने तिला पदराआड घेतलं. रागाच्या भरात तोंडून मराठीच निघालं, "अहो, जुगार कसला? गणित चाललंय!"

हवालदार चपापले. "मराठी का तुम्ही?"

"हो, उज्जैनची. ही पोरं जमवता जमवता माझ्या नाकी नऊ आले होते, हवालदारसाहेब."

"हे पाहा बाई, पोलिसाचा धाक असला की गाव सरळ चालतं. खेड्यात आधी ठाणं हवं, मग शाळा. माझं तरी हेच मत आहे."

"चोराला असू द्या धाक. पोरांना कशाला?"

फणशांनी कवड्या हातात घेऊन पाहिल्या, होत्या तिथे ठेवल्या, आणि तक्रारीत काही दम नाही म्हणून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर फिरकलं नाही. त्यानंतरही नाही. शैला घरोघर गेली, तर आयाबाया दार लोटून घेत. जिथे पोलीस येतो तिथे मुलगी कोण धाडणार? शेवटी तिने ट्रंक भरायला घेतली.

रविवारी सकाळी दारात एक गृहस्थ उभे राहिले. धोतर, सदरा, काळी टोपी. सोबत एक बाई. मिशांवरून शैलाने ओळखलं.

"आज सुट्टी आहे माझी," फणसे म्हणाले. "शाळा ओस पडली असं कानावर आलं. घोळ मी घातला, निस्तरायलाही मीच हवा. ही आमची सुमन. बायकांशी ही बोलेल."

सुमनताई सरळ घराघरांत, चुलीपाशी जाऊन बसल्या. फणशांनी चौकात मांडी ठोकली, घरं आखली आणि पटेलांना हाताला धरून डावात बसवलं. हळूहळू बायका आणि पोरं लांबून बघायला लागली.

"चार और तीन आठ," फणसे म्हणाले.

"आठ नी, सात!" मीरा ओरडली आणि घाबरून आईमागे लपली.

"सच है बेटा. गई मेरी बाजी."

हवालदार हरला म्हटल्यावर पोरं खदखदून हसली आणि जवळ सरकली. फणसे पटेलांना म्हणाले, "जुए में पैसा लगता है, पटेल साहब. यहाँ दिमाग लगता है. अपनी पोती को भी भेजिए."

सोमवारी पडवी भरली. पटेलांची नात सगळ्यांत पुढे बसली होती. शैलाने ट्रंकेतली लुगडी काढून परत दोरीवर टाकली.

पुढे मध्य प्रदेश झाला तेव्हा तिची बदली उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या शाळेत झाली. तोवर नीमखेडीच्या मुली चौथी पास व्हायला लागल्या होत्या. फणसे निवृत्त होऊन उज्जैनलाच राहतात असं कळलं, तशी ती पेढे घेऊन गेली आणि दोघांच्या पाया पडली.

"काका, त्या रविवारी तुम्ही दोघं आला नसतात तर मी तेव्हाच उज्जैनला परत आले असते. मास्तरकीही सोडली असती."

फणसे गोंधळले, उगीच मिशीवरून हात फिरवत राहिले. "पोलिसाचे आभार मानायला कोणी घरी येत नाही, पोरी," ते म्हणाले. "सुमन, हिचंही पान वाढ."

शैला पोटभर जेवली. घरी जाताना तिने टांगा केला नाही. मन इतकं भरून आलं होतं की तिला चालावंसंच वाटलं.