घणाचा की डावऱ्याचा?

"आज निकाल लावल्याशिवाय उठायचं नाही, वहिनी," न्हाव्यानं बूट काढायच्या आतच जाहीर केलं. "सांगून ठेवतो."

"निकाल कधीच लागलाय," मागून आत येत ड्रायव्हर म्हणाला. "घणाचा ठोसा तो घणाचा. तुझा डावरा नुसत्या गुदगुल्या करायचा."

तिच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून ती गप्प राहिली, नाहीतर दोघांची दारातूनच पाठवणी झाली असती. मशीनशेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता, उद्या सकाळी सगळा द्यायचा होता, आणि रविवार उजाडला की हे दोघे हजर. घण आणि डावरा, दोघेही एके काळचे मिडलवेट बॉक्सिंगमधले बादशहा. दोघांची आपसात लढत काही झाली नाही, आणि तेच नेमकं तिच्या मुळावर आलं होतं. कारण दोघांचेही ठोसे खाल्लेला माणूस गल्लीत एकच होता, आणि तो तिचा नवरा होता.

मोठ्या लढतीआधी चॅम्पियनला सरावासाठी समोर कुणीतरी जिवंत माणूस लागतो. त्यानं रोज उभं राहायचं, मार खायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. नवऱ्याचं तेच काम होतं. आधी घणाकडे, मग डावऱ्याकडे, आणि पुढे शरीर थकल्यावर टायरच्या दुकानात. सरावाच्या पोत्यावरून रिंगमधले सगळे त्याला 'पोतं' म्हणत. तिला त्या नावाची चीड होती आणि त्याला अभिमान.

"कोणाचा ठोसा जबर?" असं कुणी विचारलं की तो वर्षानुवर्षं एकच उत्तर द्यायचा. "घणाचा येताना दिसायचा आणि हाडापर्यंत जायचा. डावऱ्याचा दिसायचाच नाही. आधी दिवा जायचा, मग कळायचं." एवढं बोलून मिशीत हसायचा. निकाल द्यायचा नाही, लबाड! मग न्हावीही खूश, ड्रायव्हरही खूश, आणि चहाची भांडी घासायला ती. तेच ते दळण ऐकून तिचे कान किटले होते.

पण अलीकडे त्याचं विसरणं वाढलं होतं. आधी चष्मा, मग गॅस, मग घरातल्या माणसांची नावं. परवा तर त्यानं चपला नीट पुसून फ्रिजमध्ये ठेवल्या. तिनं हे कुणालाच कळू दिलं नव्हतं. ज्या उत्तराचा तिला उबग आला होता तेच ती दर रविवारी सकाळी शाळेतल्या धड्यासारखं त्याच्याकडून घोकून घ्यायची. "अहो, येताना दिसायचा तो कोणाचा? घणाचा. म्हणा." कारण आठवड्यातून तेवढाच एक तास तो खुर्चीत ताठ बसायचा. या दोघांना कळलं तर कणव म्हणून एकदा-दोनदा येतील आणि मग फिरकणारही नाहीत, अशी तिला धास्ती होती. आज मात्र गणवेशांच्या नादात उजळणी राहून गेली होती.

"बोला उस्ताद," न्हावी खुर्ची पुढे सरकवून बसला. "घणाचा की डावऱ्याचा?"

नवऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, ड्रायव्हरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कोणाचा काय?"

"मस्करी करतात!" ड्रायव्हर हसला.

"आज मस्करी चालायची नाही. डावऱ्याचा असा यायचा ना?" म्हणत न्हाव्यानं डावी मूठ वळून त्याच्या गालाजवळ नेली.

नवरा दचकून खुर्चीतच मागे सरकला. हात तोंडावर घेऊन म्हणाला, "मला मारू नका."

न्हाव्याची मूठ तशीच हवेत राहिली. तिनं टाचण्या काढून मशीनवर आपटल्या.

"पुरे करा! निकाल हवाय ना? मग मला विचारा. इतकी वर्षं घशाखाली चहा ओतताय, मला कधी विचारलंत?"

"वहिनी, आम्हाला काय माहीत..."

"ऐका आता! घणाकडून आले की हे बरगडी धरून यायचे. शिव्या घालत यायचे. चार दिवस पातळ खायला घातलं, शेक दिला, की ठणठणीत. डावऱ्याकडून आले की अंगावर ओरखडा नसायचा. हसत यायचे आणि शेजारच्यांच्या कुलपात किल्ली घालत बसायचे. मी म्हणायची, दमले असतील." तिचा आवाज चिरकला, त्याचाही तिला राग आला. "घणाचे ठोसे कधीच संपले, भाऊजी. डावऱ्याचा अजून लागतोय. घ्या, जिंकलात तुम्ही!"

जिंकलेला न्हावी मान खाली घालून बसला. ड्रायव्हर उगाच समोर पडलेल्या सकाळच्या रिकाम्या कपाच्या कानाशी चाळा करत होता.

नवरा मात्र तोंडावरचे हात खाली घेऊन सगळं मन लावून ऐकत होता. "कोण गं हा?" त्यानं विचारलं. "दोघांसमोर उभा राहायचा तो?"

तिला रडूही येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं. "होता एक," ती म्हणाली. "पोतं म्हणायचे त्याला." ते नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढलं.

"पडला का कधी?"

"नाही. एकदाही नाही."

त्यानं जरा विचार केला. "मग जिंकला की तो."

"जिंकला," ड्रायव्हर म्हणाला.

"हो, जिंकला," न्हावी म्हणाला. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

निघताना न्हावी दारात बुटाच्या नाड्यांशी झटत राहिला. "पुढच्या रविवारी..."

"या की! येऊ नका म्हटलंय का मी?" ती खेकसली. "फक्त यांच्या अंगावर मूठ उगारायची नाही. आणि चहाचे कप उचलून आत ठेवायचे."

ते गेल्यावर तिचं लक्ष नवऱ्याच्या शर्टाकडे गेलं. सगळी बटणं एकेक काज चुकून लागली होती. सकाळपासून तो तसाच बसला होता, आणि तिला दिसलंही नव्हतं.

"उठा बघू," ती वैतागून म्हणाली. "नीट उभे राहा."

तो उठला. पाय थोडे फाकवले, हनुवटी छातीशी घेतली, दोन्ही मुठी गालांशी धरल्या, आणि तिचं शेवटचं बटण लावून होईपर्यंत जागचा हलला नाही.