सुंदरबाईचा पहिला बार

अर्जुनरावांची बंदूक एवढी लांब, की घरात शिरताना आधी बंदूक शिरायची आणि बऱ्याच वेळानं अर्जुनराव. निजामाच्या राज्यात त्यांच्या आज्याला मिळालेली ठासणीची बंदूक ती. तोंडातून दारू ओता, वर चिंध्या कोंबा, लोखंडी गजानं ठासा, मग छर्रे, पुन्हा चिंध्या, पुन्हा ठासा, घोड्याखाली तांब्याची टोपी बसवा आणि देवाचं नाव घेऊन चाप ओढा. बाराचा आवाज पार तेलगावच्या बाजारात ऐकू जातो, असं अर्जुनराव सांगत. तेवढा काही जात नसे, पण शिवारातल्या म्हशी दावं तोडून पळायच्या एवढं खरं.

बंदुकीला शेतीरक्षणाचा परवाना होता, आणि रक्षण करायचं ते टरबुजांचं. उन्हाळा तोंडावर आला, टरबुजं भरली, की शेजारच्या उसातनं कोल्हे निघायचे. कोल्हा हे जनावर महाचोखंदळ. माणूस टरबूज बोटानं वाजवतो, कान लावतो, देठ बघतो, शहाणपणा सांगतो आणि घरी येऊन कापतो तर आत पांढरं! कोल्ह्याचं तसं नाही. तो नुसता हुंगून पिकलेलंच फोडणार, अर्धं खाणार आणि पुढच्याला तोंड लावणार. रोज दिवस मावळायला आला की अर्जुनराव बांधावर उभे राहून एक बार काढायचे, आणि कोल्हे उसात जायचे.

पडला मात्र एकही नाही. चाळीसेक वर्षं बार काढले, पण कोल्ह्याचं शेपूटसुद्धा कधी दुखावलं नाही. गाव हसायचं. शेजारचा तानाजी तर हात जोडून म्हणायचा, "दादा, तुमच्या बंदुकीसमोर उभं राहिलं की आयुष्य वाढतंय म्हणत्यात!" अर्जुनराव मिशीवरनं हात फिरवायचे आणि वाऱ्याला शिव्या घालायचे.

दोष वाऱ्याचा नव्हता. दोष होता सुंदरबाईचा.

बंदूक भरायचं काम लग्न झाल्यापासून तिचं. ती दारू मोजायची, जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबायची, ठासायची आणि गज तसाच नळीत उभा ठेवायची. गज उभा म्हणजे बंदूक भरलेली, ही त्या घरातली खूण. मग अर्जुनराव यायचे, गज उपसून बायकोच्या हातात द्यायचे, टोपी बसवायचे आणि बार काढायचे. तिनं ठासायचं, त्यांनी उपसायचं. यात कधी बदल झाला नाही, कधी कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

फक्त छर्रे ती घालत नसे. थोरला रविराज मांडीवर होता, त्या साली ती कालव्यावर धुणं धुवायला गेलती. समोर उसाच्या कडेला एक कोल्हीण आडवी पडलेली आणि चार पिल्लं तिच्या अंगावर धुडगूस घालतायत. एक शेपूट ओढतंय, एक कान चावतंय आणि ती बिचारी डोळे मिटून सगळं सोसतेय. सुंदरबाईला आपलीच दशा आठवली आणि खुदकन हसू आलं. त्या संध्याकाळी छर्ऱ्यांची मूठ तिनं नळीत सोडल्यासारखी केली आणि परत डब्यात टाकली. तेव्हापासून तेच. एकदा आणलेला छर्ऱ्यांचा डबा इतकी वर्षं कसा पुरतोय, हे अर्जुनरावांनी कधी विचारलं नाही. पुरुषमाणसाचं घरातल्या डब्यांकडं लक्ष नसतं, असं तिनं धरून चाललं होतं.

तर हे असं झकास चाललेलं. आणि यंदा अर्जुनरावांच्या डोळ्यांनी दगा दिला. एका डोळ्याचं ऑपरेशन फसलं, दुसऱ्यात आधीच धुकं. बांध कुठं संपतो न् ऊस कुठं सुरू होतो, तेही दिसेना. रविराज माजलगावला शाळेवर मास्तर. त्यानं सुट्टीत येऊन निकाल देऊन टाकला.

"आबा, आता बंदूक नको. सोमवारी ठाण्यात जमा करू."

ओट्यावर चहा पीत बसलेला तानाजी म्हणाला, "करा की. तुमचा बार बंद झाला तर मी आपली कुंपणात करंटची तार सोडतो. एका रात्रीत कोल्ह्यांचा निकाल."

सुंदरबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली. बार होता म्हणून कोल्हे जगले होते. बार गेला की तार येणार. आणि तार काही तिच्यासारखी छर्रे लपवून ठेवणार नव्हती.

"बंदूक माझ्या नावावर करा," ती म्हणाली.

तिघंही तिच्याकडं बघायला लागले. रविराज म्हणाला, कायद्यानं तसं होतंय माय, घरच्या वारसाच्या नावानं परवाना करून मिळतोय, पण तू...? अर्जुनराव मात्र चिडले. डोळे गेल्याचं दुःख होतंच, त्यात बंदूकही बायकोनं मागावी!

"तू? आगं, तू कदी चाप तरी वढलाय का?"

"तुमी तरी आईच्या पोटातनं वढूनच आलता का?"

तानाजीच्या तोंडातला चहा फुर्रकन उडाला.

अर्जुनरावांनी पैज लावली. "ठीक हाय. उद्या सांजच्याला माझ्यासमोर एक बार काढ. नीट निघाला, कोल्हे पळाले, तर सोमवारी नाव बदलायला जाऊ. न्हाई तर त्याच दिशी ठाण्यात जमा. मग पुन्हा रडायचं न्हाई."

"कबूल."

"आन् मी सांगणार न्हाई काई. एक शब्द न्हाई."

"नका सांगू. चाळीस वर्षं मीच भरतेय ती."

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर चौघं बांधावर आले. सुंदरबाईनं पदर खोचला, गुडघ्यावर बसून बंदूक भरली. दारू, चिंध्या, गज. छर्ऱ्यांच्या डब्यात हात घातला, खुळखुळ वाजवला, मूठ नळीवर नेली, परत आणली. चिंध्या. पुन्हा ठासलं. हात कुठं अडखळला नाही. अर्जुनराव तिच्या डावीकडं उभे, हात पाठीमागं घट्ट बांधलेले, नाक वर. रुसलेलं माणूस लांबून ओळखू यावं असे.

"रविची माय, भरली का?"

"भरली."

ऊस हलला. एक कोल्हा बाहेर आला, मागनं दुसरा, तिसरा. अजिबात घाई नाही. व्याह्याच्या घरी पंगतीला आल्यासारखे निवांत. पहिल्यानं दोन टरबुजं हुंगून सोडली आणि तिसऱ्याला तोंड घातलं.

"फोडलं मेल्यानं," तानाजी कुजबुजला. "वैनी, हाणा!"

सुंदरबाई उठली. टोपी बसवली, दस्ता खांद्याला लावला, नळी कोल्ह्यांच्या बऱ्याच वर धरली. आपण चुकलो तर या कोल्ह्याच्या पोरांचं मरण, एवढंच डोक्यात. डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला.

एरवी बाराचा आवाज नुसता 'ढुम्म' व्हायचा. आज 'ढुम्म' झालं आणि त्याच्या मागोमाग 'सुंईईईई' असं काहीतरी कानावरनं गेलं. बंदुकीनं सुंदरबाईला असा रट्टा दिला, की ती सरळ मागं बांधावर जाऊन बसली. पांढऱ्या धुराचा लोट उठला. धुरातनं दिसलं ते एवढंच, की कोल्हे शेपट्या पायात घालून सुसाट सुटलेत. अर्जुनरावांचा बार त्यांच्या चार पिढ्यांच्या ओळखीचा होता. पण डोक्यावरनं शिट्टी मारत काही जायची ही पहिलीच वेळ.

"पळाले! पळाले!" सुंदरबाई बसल्या बसल्या ओरडली. आनंदानं तिला काही सुधरेना.

"गज कुठंय?" रविराज म्हणाला.

सगळ्यांनी इकडंतिकडं बघितलं. सुंदरबाईनं हात बघितले, मांडीखाली बघितलं, मग हळूच बंदुकीच्या नळीकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला. चाप ओढला तेव्हा गज नळीतच उभा होता. ठासून झालं की तो तिथंच राहायचा. उपसायचं काम तिचं कधी नव्हतंच.

"आगं माय माय माय," ती म्हणाली.

तेवढ्यात उसाच्या कडेच्या आपल्या रानाकडं बघत तानाजी किंचाळला, "माझं बुजगावणं कुठं गेलं?" आणि धोतर सावरत तिकडं पळत सुटला.

रविराजचं तोंड पांढरं पडलं होतं. "माय, तिथं माणूस असता तर? तानाजीकाका घटकेपूर्वी तिकडंच होते. बास झालं. सोमवारी बंदूक ठाण्यात."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. सुंदरबाईचे डोळे भरून आले. "जमा कर बाबा," ती पुटपुटली. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

तानाजी परत आला तो खांद्यावर बुजगावणं घेऊन. कडबा भरलेली छाती, त्यावर पोरीच्या लग्नातला त्याचा सदरा, आणि बरोबर बटणांच्या रांगेत, पुढनं आत शिरून मागनं हातभर बाहेर आलेला गज. त्यानं ते बांधावर आडवं निजवलं आणि कमरेवर हात ठेवले.

"दादा, चाळीस वर्षांत तुमाला जमलं न्हाई, ते वैनीनं पहिल्या बारात केलं. काय तरी लागलं! आता सदरा माझा, म्हंजे मीच मेलो म्हणायचं. तेराव्याला या समदे."

अर्जुनरावांनी वाकून बुजगावण्याची छाती चाचपली. गज हाताला लागला. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. सुंदरबाईला वाटलं, रडतायत की काय. छे! म्हातारा हसत होता. ऑपरेशन झाल्यापासनं ज्या माणसाच्या तोंडावर हसू उमटलं नव्हतं, तो पोट धरून, ठसका लागेस्तोवर, त्या बुजगावण्याच्या अंगावर रेलून हसत होता. त्यांचं बघून तानाजी, तानाजीचं बघून रविराज. मास्तरनं बराच धीर धरला, पण शेवटी त्यालाही आवरेना.

"रव्या," डोळे पुसत अर्जुनराव म्हणाले, "आपल्या घरात गज कोण उपसतंय?"

"तुमी, आबा."

"मग आज कावून उपसला न्हाई? मी जवळ हुबा होतो. तिचं ठासणं थांबलेलं मला ऐकू आलं. माझा हात आपोआप पुढं निघालता, तो मी धरून मागं बांधला. म्हणलं, बगू दे तिला. रुसलो होतो ना मी! माणूस मेला असता तर ते पाप माझं असतं, तिचं न्हाई." आता ते हसत नव्हते. "तिनं तिचं काम केलं. मी माझं केलं न्हाई. सोमवारी ठाण्यात जाऊ, पण नाव बदलायला. आन् भरायचं काम हितनं पुढं माझं. ठासायला डोळे लागत न्हाईत. गज मीच घालणार, मीच काढणार, आन् काढला म्हणून वरडणार. मग तिनं चाप वढायचा. झालं समाधान?"

रविराजनं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं. "दोघांनी माझ्यासमोर धा-बारा बार काढून दाखवा. तवर बंदुकीला कुलूप."

"दाखवतो की मास्तर," अर्जुनराव म्हणाले. "तानाजी, तारेचं काय रे?"

"तार? आता कशाला? त्या कोल्ह्यांनी बघितलं ना, वैनी गज मारतेय. ते पार परळीला पोचले असतील." त्यानं आपल्या सदऱ्याचं भोक बोटानं मोठं करून बघितलं. "फकस्त मी रानात असलो की आधी एक हाळी मारा."

तो आणि रविराज बुजगावणं परत उभं करायला गेले. म्हातारा-म्हातारी घराकडं निघाली. बंदूक सुंदरबाईच्या खांद्यावर, अर्जुनरावांचा हात तिच्या दुसऱ्या खांद्यावर. कोल्हे वाचले, तार टळली, बंदूक घरात राहिली, तिला अगदी उडी मारावीशी वाटत होती. पण खांदा ठणकत होता.

"आवो, लई मारती की ही. तुमी कसं सोसलं एवढी वर्षं?"

"मला कुठं सोसायला लागलं?"

"म्हंजे?"

"आज नळीतनं गज गेला म्हणून तुला रट्टा बसला. पुढं वजन गेलं की मागं धक्का येतोय. छर्रे गेले तरी येतोय. नुसती दारू न् चिंधी असली, तर खांद्याला उशी लागल्यागत लागतंय." ते दोन पावलं चालले. "मला रोज उशीच लागायची."

सुंदरबाई जागच्या जागी थांबली. कान गरम झाले. चाप कधी ओढलाच नव्हता, तर हे तिला कळणार कुठनं?

"कदी कळलं तुमाला?"

"पहिल्याच दिशी."

"आन् बोलला न्हाईत? समदं गाव हसायचं तुमाला!"

"हसू दे. बार झाला, कोल्हे उसात गेले, की तू किती खुश व्हायचीस. पोरीवानी. ते बगायला मिळायचं मला. गावाच्या हसण्याचं काय घेऊन बसलीस." त्यांनी घसा खाकरला. "आन् दुसरं बी एक होतं."

"काय?"

"समज, तुला बोललो असतो. तू छर्रे घातले असते. आन् तरी कोल्हा पडला नसता, तर?"

सुंदरबाईनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. म्हातारा अगदी गंभीर होता.